मरणाची गोष्ट घरात बोलावी काय?



या वेळी ज्या विषयावर चार शब्द लिहावयाचे योजिले आहे, त्याचे नाव काढताच घरातील वडीलधारी मंडळी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून दटावतील. विषय मरणाचा आहे.

कोणी म्हणेल, कीर्तनकाराने मरणावर बोलावे यात नवल ते काय? खरे आहे. गेली चाळीस वर्षे कल्याण, डोंबिवली, ठाणे आणि आसपासच्या गावांतील सप्ताहांत मी हेच सांगत आलो. देह नाशिवंत आहे, काळ कोणाची वाट पाहत नाही, असे म्हटले की श्रोते माना डोलावतात, टाळकरी पाऊल टाकतात, मृदंगाची थाप चढते. मग आरती होते, प्रसाद होतो, मंडळी घरोघर जातात. घरी एखाद्याचा बाप अंथरुणाला खिळलेला असतो. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट सांगितलेली असते. हाच मुलगा, जो तासाभरापूर्वी माझ्यासमोर मान डोलावीत होता, बापाच्या उशाशी बसून म्हणतो, "तुम्हाला काय धाड भरली आहे? आठ दिवसांत उठून बसाल!" आणि ज्यांचे कीर्तन ऐकून तो आला, त्या बुवांनी तरी आपल्या घरी निराळे काय केले? काहीच नाही. तेच आज कबूल करावयाचे आहे.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. डोंबिवलीस राहावयाचे, मुंबईत एका कचेरीत नोकरी. गळ्यात माळ वयाच्या बाराव्या वर्षापासून. सकाळच्या लोकलमध्ये डब्याच्या एका कोपऱ्यात जे भजन चालते, त्यात त्यांनी तीसएक वर्षे टाळ धरला. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली आणि पोटात दुखू लागले. मुंबईच्या एका इस्पितळात तपासण्या झाल्या. यकृतात गाठ, तीही पसरलेली. उपाय उरला नव्हता. या गोष्टीला आता सोळा वर्षे झाली.

घरात बैठक बसली. वहिनी, दोन पुतणे आणि मी. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण शास्त्र जाणणारा मी. पाठशाळेत तर्कसंग्रह घोकलेला, गीता मुखोद्गत, गरुडपुराण कितीदा वाचलेले. मी निर्णय दिला, "अण्णांना सांगू नका. खचतील." झाले. त्या दिवसापासून घरात सर्वांनी सोंग धरले. औषधाच्या बाटल्यांवरची नावे खरवडली गेली. कागदपत्रांची फाईल माझ्या घरी आणून ठेवली. कोणी भेटावयास आले की दारातच त्याला बजावायचे, "त्यांना माहीत नाही बरं का!"

आषाढी आली. त्या वर्षी अण्णांची वारी चुकली. एकादशीच्या दुपारी मी जवळ बसलो असता त्यांनी विचारले, "बाळ, तू तरी खरे सांग. काय झाले आहे मला?" मी म्हणालो, "कावीळ आहे, जरा चिवट आहे. कार्तिकीला आपण आळंदीस जोडीने जाऊ." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

चार दिवसांनी ते म्हणाले, "आपल्या चुलतभावाला एकदा बोलावून घे." मुरबाडकडच्या शेताच्या वाटणीवरून या चुलतभावाशी बावीस वर्षे बोलणे नव्हते. त्याला बोलावावे तर तो विचारील, आजच का बोलावले? मग सोंग उघडे पडेल. मी म्हणालो, "बरे झालात की आपणच जाऊ त्याच्याकडे." श्रावण वद्यात अण्णा गेले. दहाव्याला तो चुलतभाऊ आला. घाटाच्या पायरीवर माझा हात धरून रडला आणि म्हणाला, "अरे, मला एक निरोप धाडायचा होता. मी अनवाणी आलो असतो." मी त्याला काय उत्तर देणार? त्याच दिवशी वहिनींनी सांगितले की अण्णांना सर्व ठाऊक होते. आपण खचू नये म्हणून तेही आमच्यासमोर बोलत नव्हते. एकाच खोलीत पाच माणसे, पाचांनाही खरे माहीत, आणि पाचही जण दोन महिने एकमेकांशी खोटे बोलली.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मरणोन्मुख माणसाला खरे सांगावे की न सांगावे? आणि मागे राहिलेल्यांशी काय बोलावे?

प्रथम पूर्वपक्ष मांडू, कारण तो दुबळा नाही. पहिला आक्षेप असा की, खरे सांगितले तर माणूस धीर सोडतो, आशेवर चार दिवस अधिक जगला असता तो लवकर जातो. दुसरा आक्षेप, अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा. सत्य असले तरी अप्रिय असेल तर त्याविषयी स्मृतिकारांनी जो संयम सांगितला आहे, तो ते पुढे करतात. चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. काही माणसांना स्वतःलाच ऐकावयाचे नसते. त्यांच्या कानात बळेच शिसे ओतण्याचा अधिकार कोणी दिला?

आता आपल्या ग्रंथांकडे आणि संतांकडे पाहू. ते या बाबतीत कसे वागले?

श्रीमद्भागवत जन्मास आले कशामुळे? राजा परीक्षितीला ऋषिपुत्राचा शाप झाला की सातव्या दिवशी तक्षक दंश करील. ही वार्ता शमीक ऋषींनी राजापासून लपविली नाही, शिष्याकरवी मुद्दाम कळविली. समजा, दरबारातील मंत्र्यांनी आमच्यासारखी बैठक बसविली असती आणि ठरविले असते की महाराजांना सांगू नये, खचतील! मग राजा त्या सात दिवसांत शिकारीला गेला असता, मेजवान्या झोडल्या असत्या, आणि सातव्या दिवशी साप डसून मेला असता. भागवत आपल्याला मिळाले नसते. राजाला कळले म्हणून त्याने राज्य मुलाच्या हाती दिले, तो गंगातीरी बसला आणि शुकाचार्यांना त्याने प्रश्न केला की जो म्रियमाण आहे, त्याने काय करावे? अवघे भागवत या एका प्रश्नाचे उत्तर आहे. सात दिवस म्हणजे थोडा काळ नव्हे. पण तो सात दिवसांचा आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच तो पुरतो.

भीष्माचार्यांचे पाहा. शरपंजरी अठ्ठावन्न रात्री पडले होते. उत्तरायण लागताच हे जाणार, हे पांडवांना ठाऊक, श्रीकृष्णाला ठाऊक, स्वतः भीष्मांनाही ठाऊक. म्हणून धर्मराज रोज जाऊन विचारीत राहिला. राजधर्म विचारला, आपद्धर्म विचारला, मोक्षधर्म विचारला. पितामहांच्या उशाशी बसून त्याने जर "आजोबा, या आठवड्यात उठून बसाल" असे म्हटले असते, तर शांतिपर्व आणि अनुशासनपर्व लिहिले गेले नसते. आपल्या घरातील म्हाताऱ्यांपाशीही एखादे लहानसे शांतिपर्व असते, श्रोतेहो! कोणाचे देणे राहिले, कोणाला दुखावले, वीणा कोणाच्या गळ्यात द्यावयाचा, धाकट्या सुनेला काय सांगावयाचे. आपण खोटे बोलून ते पर्व लिहू देत नाही.

आता आपल्या संप्रदायाची गोष्ट. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, म्हणजे इसवी सन १२९६. आळंदीस ज्ञानोबारायांची समाधी. ती आडपडद्याने झाली काय? नाही. संतमेळा जमला, आधीचे दिवस कीर्तनात गेले, निरोप घेतले गेले, दिले गेले. आणि नामदेवरायांनी तो प्रसंग अभंगांतून असा सांगून ठेवला की आज सातशे वर्षांहून अधिक काळ आपण तो गातो. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानी फार उशिरा आली. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरूही. आत्म्याचे अमरत्व ज्यांनी शिष्याला शिकविले, त्यांचाच धीर त्या दिवशी सुटला, आणि नामदेवांनी ते झाकून ठेवले नाही. गुरूच्या डोळ्यांतील पाणी लोकांना दिसले तर संप्रदायाला उणेपणा येईल, असे त्यांना वाटले नाही. पुढे वर्षाच्या आत सासवडास सोपानदेव गेले, तापीतीरी मुक्ताई गेली, आणि शेवटी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. चार भावंडांत थोरला शेवटी राहिला. त्याच्या वाट्याला आलेला शोक आपल्या संप्रदायाने उघड्यावर ठेवला आहे, आणि दर कार्तिकीला आपण तो सर्वांमिळून आठवतो.

तुकोबारायांचेही तसेच. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. हे त्यांनी आपल्या चरित्राच्या अभंगांत संतांपुढे सरळ सांगितले. त्यात आडपडदा नाही आणि रडगाणेही नाही.

यावरून पहिल्या तीन आक्षेपांचे उत्तर निघते. वार्ता कळल्याने परीक्षिती खचला नाही, उलट कामाला लागला. मरण हा शब्द अभद्र असता तर संतांनी कीर्तनात तो आणला नसता. आणि अप्रिय सत्याविषयीचा स्मृतीचा संयम हा कठोर वाणीसाठी आहे. आंधळ्याला आंधळा म्हणून हिणवू नये, इतका त्याचा रोख. विचारणाऱ्या माणसाला त्याच्याच देहाची वार्ता नाकारावी, असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे आपल्या भित्रेपणाला शास्त्राची शाल पांघरणे होय. मी तेच केले होते. अण्णा खचतील असे मी म्हणालो. खरे म्हणजे, ते माझ्यासमोर रडले तर मी काय करू, ही भीती माझी होती.

चौथा आक्षेप मात्र मी मानतो. अधिकारभेद आपल्या शास्त्राला मान्य आहे, तो येथेही लावावा. कोणाला किती कळवावयाचे, हे त्याच्याच प्रश्नावरून ठरवावे. आपण होऊन निकालपत्र वाचू नये. जवळ बसून विचारावे, "तुम्हाला काय वाटते आजाराविषयी? काही विचारायचे आहे का?" तो म्हणाला, "मला काही सांगू नका, मुलाला सांगा," तर तसे करावे. तो म्हणाला, "खरे सांग," तर खोटे बोलू नये. नेमके किती दिवस, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, तेव्हा तेही सांगण्याचा आव आणू नये. "आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, पण दुखणे कमी करता येईल, आणि आम्ही कोठे जाणार नाही," एवढे पुरे.

दुखणे कमी करण्याविषयी एक शब्द. आपल्यातील काही माळकऱ्यांना वाटते की वेदना म्हणजे प्रारब्धाचा भोग, तो भोगूनच संपवावा, गुंगीचे औषध घेतले तर अंतकाळी नाम कसे येईल? मी उलट विचारतो. जो वेदनेने तळमळत आहे, त्याच्या मुखी नाम तरी कसे येईल? आज दुखणे शमविण्याचे शास्त्र निराळे वाढले आहे. वांद्र्यास शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. बरा न होणाऱ्या कर्करोग्यांची शेवटच्या दिवसांत सेवा करणारे ते आपल्या देशातील पहिले ठिकाण. अफूपासून होणारे मॉर्फिन हे वेदनेवरचे औषध १९८५ च्या कायद्यामुळे मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ साली कायदा बदलून ती वाट पुष्कळ मोकळी झाली. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीने बेताचे औषध दिले तर रोगी बहुधा शुद्धीवर राहतो, बोलतो, हरिपाठ ऐकतो. पण हे औषध मागावयाचे तरी, आजार आता बरा व्हावयाचा नाही, हे घरात कोणीतरी मोकळेपणी मानावे लागते. जेथे शेवटपर्यंत सोंग चालते, तेथे वेदनेची कोणी चौकशीच करीत नाही.

आणखी एक प्रश्न आजकाल पारावर आणि लोकलमध्ये ऐकू येतो. यंत्राच्या आधारावर किती दिवस ठेवावे? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली एका भीषण हल्ल्यात जायबंदी झाल्या आणि २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. तेथील परिचारिका भगिनींनी त्यांची जी सेवा केली, तिला तोड नाही. त्यांच्या निमित्ताने २०११ साली सर्वोच्च न्यायालयात मोठा विचार झाला. पण त्यांची स्वतःची इच्छा काय, हे त्यांना विचारण्याची सोय उरली नव्हती. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने आपली इच्छा आधीच लिहून ठेवावी. बरे होण्याची आशा नसेल तेव्हा मला यंत्रांवर ठेवू नये, असे तो लिहू शकतो. २०२३ च्या जानेवारीत ही रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. हा आत्मघात नव्हे. देहाला जाऊ देणे निराळे आणि देह घालविणे निराळे. परंतु कागद लिहून पेटीत ठेवला आणि मुलांना सांगितलेच नाही, तर ऐन वेळी कोणाच्या हाती लागणार? कागदाच्या आधी बोलणे हवे.

देहदानाचेही असेच. आमच्या डोंबिवलीत दधीचि देहदान मंडळ हे काम करते. दधीचि ऋषींनी आपल्या अस्थी देवांना दिल्या, त्यांपासून इंद्राचे वज्र झाले, ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. तरी माळकरी मला बाजूस घेऊन विचारतात, "बुवा, देह दवाखान्याला दिला तर गती मिळेल का?" मी म्हणतो, दधीचींना मिळाली असेल तर तुम्हालाही मिळेल. ज्याला अग्निसंस्कारच हवा त्याने तो घ्यावा, त्यातही उणे काही नाही. मात्र जे ठरविले ते घरात सांगा. देह देण्याची इच्छा अर्जात लिहिलेली असली तरी देह नेऊन द्यावयाचा असतो घरच्यांनी, तोही काही तासांच्या आत. ज्यांना आधी काही ठाऊक नाही, ते त्या घटकेला भांडत बसतात, आणि जाणाऱ्याची इच्छा तशीच राहते.

येथवर ज्याला मरण आधी कळले त्याची गोष्ट झाली. पण आपल्या या भागात कळवून येणारे मरण सर्वांच्या वाट्यास येत नाही. मुंबईच्या लोकलमार्गावर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे जातात. रूळ ओलांडताना, दारातून पडून. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. सकाळी डबा घेऊन निघालेली माणसे. त्यांच्या घरच्यांना निरोप देण्यास कोठला परीक्षितीचा सप्ताह? म्हणून मी म्हणतो, या गोष्टी आजारपण येईपर्यंत राखून ठेवू नयेत. सणावाराला सर्व जमले असता, जेवणानंतर पान लावता लावता बोलाव्यात. भांडण असेल तर ते आज मिटवावे.

आता मागे राहिलेल्यांशी काय बोलावे? या बाबतीतही माझ्याकडून चूक झालेली आहे.

कल्याणजवळच्या एका आगरी गावात दहाव्याचे प्रवचन होते. बावीस वर्षांचा मुलगा गेला होता. खाडीच्या काठी मंडळी बसली. मी आपला नेहमीचा मार्ग धरला, जुने वस्त्र टाकून नवे घेण्याचा, अग्नीने न जळण्याचा. वाणी चांगली लागली होती. मधेच त्या मुलाची आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, आत्मा मरत नाय ता मना ठावं हाय. पन माजा पोर जेवाला येल का?" सगळीकडे शांतता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी पोथी मिटली, खाली उतरून तिच्याजवळ बसलो आणि विचारले, "माउली, काय आवडायचे त्याला जेवायला?" ती सांगू लागली. कोणती मासळी आवडायची, कसा रुसायचा, क्रिकेट खेळून आला की हात न धुता कसा ताटावर बसायचा. भोवतालच्या बाया रडू लागल्या, त्याच्या मित्रांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, कोणी हसलेसुद्धा. अर्धा तास असा गेला. मग तिनेच म्हटले, "आता भजन बोला." आणि त्या दिवशी खाडीकाठी भजन असे झाले की तसे मी क्वचितच ऐकले आहे.

गीतेत भगवंतांनी आत्म्याचे अमरत्व सांगितले, ते खरेच आहे. पण केव्हा सांगितले? अर्जुनाने आपला विषाद पुरता बोलून दाखविल्यावर. पहिला अध्याय बहुतेक अर्जुनाचाच आहे, आणि त्याला विषादयोग असे नाव आहे. विषादालाही योग म्हटले आहे, हे ध्यानात घ्या! भगवंतांनी त्याला पुरते बोलू दिले. आम्ही प्रवचनकार मात्र पहिला अध्याय गाळून दुसऱ्यावर उडी मारतो, कारण रडणाऱ्यापाशी गप्प बसणे फार कठीण. "रडू नका, त्याच्या आत्म्याला त्रास होतो," असे म्हणून आम्ही आईचे तोंड बंद करतो. २०२० आणि २०२१ ही महामारीची दोन वर्षे आठवा. २०२० च्या आषाढीस तर संतांच्या पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. त्या काळात कित्येकांना आपल्या माणसाचे मुखही पाहावयास मिळाले नाही. दहावा नाही, तेरावा नाही, दारात चार माणसे आली नाहीत. आजही एखाद्या सप्ताहात कोणी बाई भेटते आणि त्या वेळचे सांगू लागते, तेव्हा जाणवते की तिचा पहिला अध्याय अजून संपलेला नाही. आपण तो ऐकावा. उत्तर द्यावयाची घाई नको.

आणि शेवटी तो प्रश्न, जो मला घाटावर हमखास विचारला जातो, "बुवा, ते आता कोठे असतील?"

पूर्वी मी फार खात्रीने उत्तर देत असे. आता मला नचिकेता आठवतो. त्याने हाच प्रश्न प्रत्यक्ष यमधर्माला केला. यमधर्म काय म्हणाला? हे सोडून दुसरे काही माग. धन घे, दीर्घायुष्य घे, यात देवांनाही शंका पडलेली आहे. मृत्यूचा जो अधिपती, तोसुद्धा उत्तर द्यावयास सहज तयार नव्हता! मग माझ्यासारख्याने स्वर्गाच्या पायऱ्या मोजून दाखविणे हा उद्धटपणा नव्हे काय? मी सांगतो, "माउली, मी तेथे जाऊन आलेलो नाही. माझी श्रद्धा अशी आहे की ज्याने जन्मभर नाम घेतले, त्याला नामधारकाने टाकले नसेल. तुमचाही विश्वास असेल तर त्यावर आपण दोघे टेकू." आपल्या संतांनी तरी मोक्षाची कोठे घाई केली? भक्तीसाठी पुन्हा जन्म घ्यावयास ते तयार होते. त्यांना पलीकडच्या गावाच्या नकाशापेक्षा सोबतीची चिंता अधिक होती. आपणही जाणाऱ्याला आणि राहणाऱ्याला सोबतच द्यावयाची आहे.

गेल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली, चार दिवस इस्पितळात काढले. घरी आल्यावर मी मुलांना, सुनांना समोर बसविले. सूनबाई म्हणाली, "बाबा, आत्ता कशाला ते?" मी म्हटले, "आत्ता बरा आहे म्हणूनच." कोणाचे किती देणे आहे ते सांगितले. यंत्रांवर ठेवू नका, असे सांगितले. वीणा धाकट्या नातवाला द्या, तो बेसूर गातो पण चुकवीत नाही, असेही सांगितले. थोरला मुलगा उठून खिडकीशी गेला, डोळे पुसून परत आला आणि म्हणाला, "आता माझेही एक ऐका." मग त्याने पंधरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली, जी मी विसरलो होतो आणि तो विसरला नव्हता. मी त्याची क्षमा मागितली. अण्णांच्या बाबतीत जे हातून निसटले होते, त्यातले थोडे त्या संध्याकाळी हाती आले.

चुलतभाऊ अजून आहेत. आता थकले आहेत. अण्णांना दिलेला कार्तिकीचा शब्द मी खोटा दिला होता. गेली पंधरा वर्षे आम्ही दोघे कार्तिक वद्यात आळंदीस जोडीने जातो, इंद्रायणीत स्नान करतो आणि अण्णांविषयी बोलतो. ते म्हणतात, "बोलावले असतेस तर." मी म्हणतो, "होय, बोलवायला हवे होते." दर वर्षी हेच बोलणे होते, आणि दर वर्षी ते करावेसे वाटते.

तेव्हा मायबापहो, आज हा अंक वाचून झाला की बाजूला ठेवा आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. काही सांगू नका. त्याला विचारा, "काही बोलायचे राहिले आहे का?" आणि मग तो बोलेपर्यंत उठू नका.

रामकृष्णहरी.